चारशेचा आकडा की वळणावरची पकड? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बुगाटीच्या ताशी ४९० किमीच्या रनवर एक पान दिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या महिन्यात मायलेज, सर्व्हिसिंग, जुनी गाडी घेऊ का वगैरे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. बहुतेकांचं भांडण एकच, टॉप स्पीड मोठा का हँडलिंग. सगळी पत्रं घेणं शक्य नव्हतं, जी घेतलीत त्यातही थोडी काटछाट केलीय.

प्रश्न : बुगाटी शिरॉन ताशी ४२० जाते. त्याच इंजिनाची डिवो फक्त ३८० आणि किंमत दुपटीच्या आसपास. जास्त पैसे मोजून कमी पळणारी गाडी कोण घेतं? आमच्या हॉस्टेलवर यावरून रोज राडा होतो. – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : कोण घेतं म्हणजे, २०१८ साली डिवो दाखवली तेव्हा फक्त ४० गाड्या बनणार होत्या, एकेकीची किंमत ५० लाख युरो, आणि लोकांसमोर गाडी यायच्या आधीच त्या सगळ्या बुक झालेल्या. त्यामुळे घेणारे आहेत, ते सोड. पण तुझा प्रश्न चांगलाय कारण इंजिन खरंच तेच आहे, ८ लिटर, १६ सिलिंडर, चार टर्बो, १५०० हॉर्सपॉवर, त्यात एकाने सुद्धा वाढ नाही. मग बदललं काय? मागचा विंग रुंद करून १.८३ मीटरचा केला, पुढून आणि छतावरून हवा कशी जाते ते बदललं, आणि शिरॉनपेक्षा ९० किलो जास्त डाउनफोर्स काढला, म्हणजे एकूण ४५६ किलो हवा गाडीला खाली दाबते. वजन ३५ किलोने कमी केलं, आणि ते कसं तर हलकी चाकं, आतलं आवाज रोखणारं मटेरियल कमी, म्युझिक सिस्टिम हलकी, सामान ठेवायचे कप्पे काढून टाकले. पन्नास लाख युरोच्या गाडीत मोबाइल कुठे ठेवायचा हा प्रश्न पडत असेल, पण असो.

चाकांचा कॅम्बर, म्हणजे टायर आत किती झुकलाय तो कोन, तो पण वाढवला. वळणावर त्याने पकड मिळते, पण सरळ रस्त्यावर फार स्पीडला टायरच्या आतल्या कडेवर भार येतो, त्यात वरून हवेचा दाब, मग टायर ४२० ला झेपणार नाही म्हणून ३८० वर लिमिट टाकलं. आता बदल्यात काय मिळालं ते बघ. इटलीतल्या नार्डोच्या हँडलिंग ट्रॅकवर डिवो शिरॉनपेक्षा एका लॅपला ८ सेकंद लवकर येते. शिरॉन वळणावर १.५ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट आडवा जोर) सहन करते, डिवो १.६. ऐकायला काहीच फरक नाही वाटत, पण १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर हिशोब लाव, १.५ ला ताशी १३८ निघतात आणि १.६ ला १४२ च्या वर. एका वळणावर चार किलोमीटर ताशी. वळणातून बाहेर जास्त स्पीडने निघालास की पुढच्या सरळ पट्ट्यावरही तोच फायदा चालू राहतो, असं करत करत ८ सेकंद जमतात. हॉस्टेलवर हे दाखव आणि मग बघ राडा कुठे जातो.

अजून एक गंमत, जी मला डिवोपेक्षा जास्त आवडते. शिरॉनच्या आधीच्या बुगाटी वेरॉनमध्ये दोन्ही गाड्या एकाच गाडीत होत्या. ताशी २२० ला गाडी आपोआप खाली बसायची आणि मागचा विंग बाहेर यायचा, याला ते हँडलिंग मोडच म्हणायचे, त्यात सुमारे ३५० किलो डाउनफोर्स आणि जास्तीत जास्त ३७५. त्याच्या वर जायचं असेल तर गाडी थांबवायची, वेगळी दुसरी चावी लावायची, मग गाडी जमिनीपासून जेमतेम ६५ मिलिमीटरवर येते, विंग जवळजवळ आत जातो आणि मग ४०७. ब्रेक मारलात किंवा स्टेअरिंग जरा जास्त वळवलंत की हा मोड बंद. म्हणजे तेच इंजिन, तेच टायर, आणि विंग बाहेर असण्याची किंमत ३२ किलोमीटर ताशी. टॉप स्पीड आणि पकड यांच्यात सौदा कसा होतो ते याहून स्वच्छ मला कुठे बघायला मिळालेलं नाही.

प्रश्न : माझी साधी शंका आहे. दोनशे हॉर्सपॉवर वाढवूनही स्पीड फक्त चोवीसने का वाढतो? आमच्या वेळी दोनशे हॉर्सपॉवरमध्ये अख्खा ट्रक चालायचा. – निवृत्त वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, शंका साधी अजिबात नाही, आणि ट्रकचं म्हणता ते खरंच आहे. तुम्ही वेरॉन आणि वेरॉन सुपर स्पोर्टबद्दल विचारताय असं धरतो. पहिली १००१ हॉर्सपॉवर आणि ४०७, दुसरी २०१० सालची, १२०० हॉर्सपॉवर आणि ४३१.

एवढ्या स्पीडला इंजिनाची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधातून गाडी दुप्पट वेगाने ढकलायची म्हणून ताकद लागते आठपट. म्हणजे ताकद वेगाच्या घनाने वाढते. आता कॅल्क्युलेटर घ्या, ४३१ ला ४०७ ने भागा, जे येईल त्याचा घन करा, साधारण १.१८८ येतं, त्याला १००१ ने गुणा. ११८९. बुगाटीने दिले १२००. गाडीच्या आकारात थोडे बदल केले होते त्यामुळे हिशोब अगदी तंतोतंत बसायलाच हवा असं नाही, पण बसतो. हाच हिशोब उलटा लावला तर ताशी २५० ला वेरॉनला हवेसाठी अडीचशेच्या आतच हॉर्सपॉवर लागतात, वरच्या दीडशे किलोमीटरसाठी बाकीचे सातशेच्या वर.

आणि तेवढी ताकद द्यायची तर इंजिन मोठं, रेडिएटर जास्त, गिअरबॉक्स दणकट, ब्रेक मोठे, आणि या सगळ्याने गाडी जड होते, वेरॉन १९०० किलोच्या घरात, शिरॉन दोन टनांना टेकलेली. वजन वाढलं की वळणावर, ब्रेकला, सगळीकडे त्रास. म्हणून टॉप स्पीडची किंमत हँडलिंग भरतं असं म्हणतात. वेरॉनची १०० लिटरची टाकी पूर्ण स्पीडला १२ मिनिटांत रिकामी होते, टायर १५ मिनिटं टिकतात, म्हणजे टायर फुटायच्या आधी पेट्रोल संपतं, हीच काय ती सेफ्टी असा विनोद त्या काळात सगळीकडे फिरायचा.

प्रश्न : जगातली सगळ्यात फास्ट गाडी नक्की कोणती? मी म्हणतो बुगाटी ४९०, धाकटा भाऊ म्हणतो कोनिगसेग ४४७, आणि आता चायनीज ४९६ आलीय. पैज लागलीय, जेवण आहे. – कोल्हापूर

उत्तर : पांढऱ्या रश्श्याची पैज असेल तर निकाल लवकर द्यायला हवा.

रेकॉर्डचा जुना नियम असा की एकाच रस्त्यावर दोन्ही दिशांनी जायचं आणि सरासरी काढायची, कारण वारा आणि उतार. हे किती महत्त्वाचं आहे ते कोनिगसेगच्याच रनमध्ये दिसतं. ४ नोव्हेंबर २०१७, नेवाडात लास वेगास ते पारम्प हा चालू हायवे बंद करून अगेरा आरएस पळवली, एका दिशेने ४५७.९४ आणि परत येताना ४३६.४४. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच रस्ता आणि एकवीस किलोमीटरचा फरक! सरासरी ४४७.१९. बुगाटीची ४९०.४८ ही शिरॉनच्याच खास बदललेल्या गाडीची, २ ऑगस्ट २०१९ ची, अँडी वॉलेस चालवत होता, जर्मनीत एरा-लेसिनला फोक्सवागनचा जो ट्रॅक आहे त्याच्या जवळपास नऊ किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर, पण एकाच दिशेने, उलट्या दिशेने गाडी धावलीच नाही. चायनीज म्हणजे बीवायडीची यांगवांग यू९ एक्स्ट्रीम, सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीतल्याच पापेनबुर्गच्या ओव्हल ट्रॅकवर ४९६.२२, आणि ती इलेक्ट्रिक आहे हे विसरू नका.

तेव्हा आकडा म्हणून चायनीज पुढे, आणि या तीन आकड्यांपैकी दोन्ही दिशांनी मोजलेला म्हणाल तर धाकटा बरोबर. जेवणाचं बिल तुम्ही द्या. अमेरिकेतल्या एका कंपनीने २०२० मध्ये ताशी पाचशेच्या वर गेल्याचा दावा केला होता, लोकांनी घरी बसून व्हिडिओ फ्रेम फ्रेम तपासला, रस्त्याकडेच्या खुणांवरून स्पीड काढला आणि तो जमेना, शेवटी कंपनीलाच मान्य करावं लागलं की तेवढी गेलीच नव्हती. म्हणून एखादा नवीन आकडा आला की आधी विचारायचं, कुठे, किती दिशांनी, कोणी मोजला.

प्रश्न : प्रत्येक रिव्ह्यूमध्ये "हँडलिंग मस्त आहे" लिहिलेलं असतं. मी साधी हॅचबॅक चालवते, सुपरकार फक्त बघते. पण हँडलिंग चांगलं म्हणजे नेमकं काय वाटायला हवं? – नाशिक

उत्तर : ताई, या महिन्यातलं सगळ्यात कामाचं पत्र तुमचं. कारण रिव्ह्यू लिहिणारे (आम्हीही त्यातलेच) दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक म्हणजे ग्रिप, गाडी वळणावर किती स्पीडला रस्ता सोडते, ही मोजता येते, ती जास्त करून टायर, वजन आणि डाउनफोर्सवर ठरते. दुसरी म्हणजे रस्ता सोडायच्या आधी गाडी तुम्हाला सांगते का, आणि सोडल्यावर सावरू देते का. ही मोजता येत नाही, आणि खरं हँडलिंग हेच.

कसारा घाट उतरताना तुम्हाला हे रोज कळत असणार. वळणात जरा जास्त स्पीडने शिरलात आणि स्टेअरिंग वळवूनही गाडीचं नाक सरळच जायला बघतं, ते अंडरस्टिअर. त्याने माणूस घाबरतो पण बहुतेकदा ॲक्सिलरेटर सोडला की गाडी परत वळते, म्हणून रोजच्या गाड्या मुद्दाम तशा बनवतात. मागची बाजू बाहेर फेकली जाते ते ओव्हरस्टिअर, ते बघायला भारी आणि सावरायला अवघड. सुपरकारमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मागे, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये असतं ते उगीच नाही, जड वस्तू मध्यावर असली की गाडी पटकन वळते आणि पटकन सरळ होते. पण ती सुटली की तेवढीच पटकन गरगर फिरते, त्यामुळे मिड-इंजिन म्हणजे आपोआप चांगलं हँडलिंग हे खरं नाही, नवशिक्याला तर बिलकुल नाही.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा शोरूमवाल्याच्या ठरलेल्या चकाचक रस्त्यावर जाऊ नका, तुमच्या माहितीतलं एखादं लांबट वळण घ्या, जिथे मध्येच एखादा खड्डा किंवा पॅच आहे. नेहमीच्याच स्पीडने जा. स्टेअरिंग एकदा धरलं की तसंच राहतंय का सारखं थोडं थोडं दुरुस्त करावं लागतंय? पॅचवरून गेल्यावर गाडी एकदा हलून बसते का दोन-तीनदा झुलते? डोक्यावर भरलेला हंडा घेऊन वळणाऱ्या बाईचा तोल बघा, पाणी किती हिंदकळतं त्यावर ती किती जोरात वळू शकेल ते ठरतं, गाडीचं वजन वळणात एका बाजूला जातं तेव्हा हेच होतं. मग थोडा ब्रेक दाबून वळा, गाडी वाकडी ओढते का ते बघा. हे सगळं ताशी पन्नासला कळतं, त्याला ना ट्रॅक लागतो ना चारशे हॉर्सपॉवर. १९९६ ची लोटस एलिस ७२५ किलोची होती आणि ताकद १२० च्या आतच, आपल्याकडच्या आजच्या कितीतरी एसयूव्ही तिला सरळ रस्त्यावर सोडत नाहीत, पण हँडलिंगचा विषय निघाला की आजही लोक तिचंच नाव घेतात.

प्रश्न : मी कामानिमित्त जर्मनीत आहे. न्युरबर्गरिंगचा लॅप टाइम म्हणजे हँडलिंगचं मार्कशीट समजायचं का? आणि आपली साधी गाडी घेऊन तिथे जाता येतं का? – म्युनिक

उत्तर : मार्कशीट म्हणून चालेल, पण त्यात सगळे विषय एकत्र करून टोटल दिलेली आहे. न्युरबर्गरिंगचा जो लॅप टाइम देतात तो नॉर्डश्लाइफ या तिथल्या लांब ट्रॅकचा, तो २०.८ किलोमीटरचा, सत्तरच्या वर वळणं, चढउतार, कुठे कुठे गाडी चक्क हवेत जाते, आणि शेवटी दोन किलोमीटरच्या वरचा सरळ पट्टा, तिथे निव्वळ ताकद कामाला येते. तरी एक जोडी बघा. पोर्शे ९१८ स्पायडर, २०१३, ८८७ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ३४५, वेळ ६ मिनिटं ५७ सेकंद. पोर्शेचीच ९११ जीटी३ आरएस, २०२२, ५२५ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड २९६, वेळ ६ मिनिटं ४९.३. तीनशे बासष्ट हॉर्सपॉवर कमी, पन्नास किलोमीटरने कमी टॉप स्पीड, आणि आठ सेकंद आधी घरी! त्यातही ९१८ चा लॅप जुन्या पद्धतीने मोजलेला, सुमारे २०.६ किलोमीटरचा, आरएसचा पूर्ण २०.८.

या आरएसवर माझा जीव आहे हे कबूल. त्या वेळची साधी जीटी३ तिच्यापेक्षा स्वस्त आणि ३१८ जायची. आरएसवर जो अजस्र विंग आहे तो आणि बाकीची बॉडी मिळून २८५ ला ८६० किलो दाब देतात, गाडीच स्वतः साडेचौदाशे किलोच्या आसपास. सरळ रस्त्यावर विंगच्या पात्या सपाट होतात, फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत डीआरएस असायचं ना तसंच, आणि तरीही तीनशे गाठत नाही. शोरूममध्ये "तीनशे सुद्धा नाही?" म्हणून नाक मुरडणाऱ्याला ही गाडी विकूच नये. अर्थात नऊ वर्षांत टायर फार पुढे गेलेत, सगळं श्रेय विंगचं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. रेस नसते तेव्हा ठराविक वेळी तो टोल भरून जायचा रस्ता असतो, २०२४ मध्ये लॅपमागे साधारण ३० ते ३५ युरो होते, कुणीही आपली गाडी घेऊन जाऊ शकतं. पण ट्रॅफिकचे नियम तिथेही लागू, ओव्हरटेक डावीकडूनच, आणि घड्याळ लावून लॅप मारायला बंदी. इन्शुरन्सची कागदं आधी नीट वाचा, बऱ्याच पॉलिसीत ही जागा वगळलेली असते, आणि नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांना कंपन्या तिथे नेऊ देत नाहीत. कठडा मोडला तर त्याचंही बिल तुमच्याच नावाने येतं.

प्रश्न : मित्र सुपरकार घेतोय, बजेट चार-साडेचार कोटी, मुंबईत राहतो. टॉप स्पीड बघावा का हँडलिंग? – ठाणे

उत्तर : ग्राउंड क्लिअरन्स बघावा.

चेष्टा नाही करत. एक्सप्रेसवेला सपाटीवर लिमिट १००, समृद्धीला १२०, म्हणजे ३२५ आणि ३५० यातला फरक त्याला आयुष्यात कळणार नाही. खरंच स्पीड बघायचा असेल तर पिथमपूरला, इंदूरजवळ, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ओव्हल आहे, तिथे बतिस्ता ही इलेक्ट्रिक गाडी साडेतीनशेच्या पुढे गेलेली आहे (बतिस्ता बनवणारी कंपनी आपल्या महिंद्रा ग्रुपची, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), पण तिथे कुणीही उठून जाऊ शकत नाही. ट्रॅक डे साठी ग्रेटर नॉयडाचा बुद्ध सर्किट, नाहीतर चेन्नई, कोइंबतूर. म्हणजे मुंबईतून गाडी ट्रेलरवर घालून न्यायची.

लॅम्बोर्गिनीने २०२२ च्या शेवटी हुराकान स्टेराटो काढली, मुळात सुपरकार पण ४४ मिलिमीटर उंच केलेली, खडबडीत रस्त्यावर चालणारे टायर, आणि त्या टायरमुळे टॉप स्पीड २६० वर आणलेला. भारतात किंमत ४ कोटी ६१ लाख होती. आता नवीन मिळायची नाही, जगात मिळून १४९९ च बनल्या, पण तुमच्या मित्राला जुनी चांगली मिळत असेल तर मी तीच सांगेन. ६१० हॉर्सपॉवर आहेतच, आणि सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर तिरकी न करता पार होतो. बाकी कोणती घेतली तरी नोज लिफ्ट, म्हणजे गाडीचं नाक थोडं वर उचलायची सोय, आहे का ते आधी विचारा, त्याच्यावर पैसे वाचवू नका.

प्रश्न : टॉप स्पीड आणि हँडलिंग दोन्ही असलेली गाडी झालीच नाही का? – औरंगाबाद

उत्तर : झाली, मॅक्लारेन एफ१. गॉर्डन मरेने डिझाइन केलेली, बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं व्ही१२, ६२७ हॉर्सपॉवर, टर्बो नाही, आणि वजन ११३८ किलो. मार्च १९९८ मध्ये याच अँडी वॉलेसने याच एरा-लेसिनला तिची दोन्ही दिशांची सरासरी ३८६ काढली, इंजिनाचा रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिन किती जोरात फिरू द्यायचं ती मर्यादा, वाढवून. विंग नाही, पॉवर स्टेअरिंग नाही, एबीएस नाही. बुगाटीला जे हजार हॉर्सपॉवर ओतून मिळालं त्याच्या जवळ ही गेली, कारण छोटी, अरुंद आणि हलकी. आणि १९९५ ला हीच गाडी पावसात ला मां ही २४ तासांची रेस जिंकली. फक्त तिथेही सौदा झालाच, रेसच्या गाडीला मोठा विंग लावला, नियमाप्रमाणे इंजिनाची हवा आवळली, त्यामुळे ला मां जिंकलेली एफ१ रस्त्यावरच्या एफ१ पेक्षा कमी ताकदीची आणि सरळ रस्त्यावर हळू होती.

मरेने पुढे टी.५० केली, वजन हजार किलोच्या आत, मागे ४०० मिलिमीटरचा पंखा जो गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवतो. असा पंखा त्याने १९७८ मध्ये ब्रॅबहॅम टीमच्या फॉर्म्युला वन गाडीला लावला होता, निकी लाउडाने स्वीडनची रेस त्यावर जिंकली आणि ती गाडी परत रेसला आलीच नाही. टी.५० काढताना मरेने आधीच सांगून टाकलं होतं की टॉप स्पीडचा रेकॉर्ड नको, लॅप रेकॉर्ड पण नको, आणि तरी सगळ्या शंभर गाड्या विकल्या गेल्या.

टायरवरची पत्रं बरीच आलीत, ती पुढच्या अंकात घेतो. पाठवताना गाडी कोणती आणि टायर साइज काय ते लिहा प्लीज, नुसतं "टायर कोणता टाकू" यावर काय उत्तर देणार.